पडद्यावरचे बिऱ्हाड

गेल्या आषाढापासून फाल्गुनापर्यंत रात्रीच्या जेवणानंतर जे मराठी चित्रपट पाहणे झाले, त्यांतील तिघांविषयी मुख्यत्वे येथे लिहावयाचे आहे. हे चित्रपट नवे नाहीत. पुण्या-मुंबईच्या जाणकारांनी त्यांच्यावर पूर्वीच पुष्कळ लिहिले आहे व पारितोषिकेही त्यांना मिळून गेली आहेत. परंतु दादरला बसून पाहिलेला मराठी चित्रपट आणि डिंडोलीत बसून पाहिलेला मराठी चित्रपट हे एकच असतात, असे मला वाटत नाही. आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या परभाषेच्या शेजारात वाढली. त्यामुळे पडद्यावर कोणी बिऱ्हाड हलवू लागले की आपले लक्ष कथानकावरून उडून त्याच्या सामानाकडे जाते.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला व पुढील वर्षी आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडील वारल्यावर अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. पाऊस, समुद्र आणि किल्ल्यात एकटा सापडलेला मुलगा यांची जी वाखाणणी झाली ती योग्यच आहे. मला मात्र आई अधिक भावली. अमृता सुभाष यांनी कचेरीतून परतलेल्या बाईचा थकवा कुठेही अश्रूंची उधळण न करता दाखवला आहे. तक्रार इतकीच की छायाचित्रण पावसावर इतके लुब्ध आहे की कचेरीतील दडपण थोडक्यात उरकले जाते. शासकीय सेवेत हयात घालवलेल्या माणसाला ठाऊक असते की बदलीचा हुकूम टंकलिखित होतो अधिकाऱ्याच्या नावे, पण बजावला जातो मुलांवर. तरीही चिन्मयचे स्थलांतर सोपेच म्हणावे लागेल. मित्र नवे, गाव नवे, पण शिव्या मराठीतच!

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) ही सोय नाही. हा चित्रपट मी दोनदा पाहिला. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप ठेवून खटला उभा राहतो. शाहिरांची भूमिका करणारे वीरा साथीदार २०२१ मध्ये निवर्तले. चळवळीत आयुष्य गेलेल्या या माणसाला अभिनय करावा लागला आहे असे कुठे वाटतच नाही. आरोपीचा वकील विनय व्होरा गुजराती, सरकारी वकील नूतन मराठी. न्यायालयात मराठी, हिंदी, इंग्रजी यांची सरमिसळ चालते आणि व्होराच्या घरी आईवडिलांशी वाद होतो तो गुजरातीत. इतर प्रेक्षकांना पडद्याच्या तळाशी येणाऱ्या भाषांतराचा आधार घ्यावा लागला असेल. आपल्याला नूतनच्या स्वयंपाकघरातले बोलणेही कळते आणि व्होराच्या आईने लग्नाचा विषय काढताच त्याच्या आवाजात येणारी चीडही. चित्रपटातील दोन्ही घरे ज्याला आतून ऐकू येतात असा प्रेक्षक सुरत-बडोद्यातच अधिक मिळेल.

आणि म्हणूनच त्यातील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सुटीच्या दिवशी नूतन सहकुटुंब नाटकाला जाते. रंगमंचावर मराठी मुलीने परप्रांतीय तरुण घरी आणलेला असतो. मुलीचा बाप त्याला घराबाहेर काढतो आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवते. ताम्हाणे यांनी या प्रसंगावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही. कॅमेरा दूर, स्थिर. नूतन दुष्ट नाही, ती कष्टाळू गृहिणी आहे, आणि टाळ्या वाजवणारे लोक आपल्या नातेवाइकांसारखेच दिसतात. मुंबईच्या समीक्षकाला या प्रसंगात संकुचितपणावरचा उपरोध दिसला असेल. मला दिसले ते एवढेच की त्या नाटकात आपली जागा प्रेक्षागृहात नाही, दारातून बाहेर काढल्या गेलेल्या मुलाच्या शेजारी आहे. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हापासून गुजरातेत आपण परप्रांतीयच. त्यात आपल्या जुन्या घराण्यांची आणखी एक गंमत आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून लूमवर काम करण्यासाठी आलेल्या अहिराणी बोलणाऱ्या माणसाविषयी आपल्या बैठकीत जे शब्द सहज निघतात, त्यांवर अशाच टाळ्या पडतात. ते शब्द येथे छापवत नाहीत.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) सर्वांनी पाहिलेला आहे, तेव्हा कथानक सांगत बसत नाही. पूर्वार्ध लोकांना आवडला. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर लग्नाच्या वराती नाचल्या. उत्तरार्ध हैदराबादेत गेल्यावर चित्रपट रेंगाळतो, अशी तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. माझे मत नेमके उलट आहे. पूर्वार्ध कुशल आहे, पण तशी प्रेमकथा आपण पूर्वी पाहिलेली आहे. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी पाटलाची अर्ची झोपडपट्टीतल्या खोलीत येते, शेजारणींचे बोलणे तिला कळत नाही, वासाने तिला जेवण जात नाही, तेथून खरा चित्रपट सुरू होतो. गावात जिच्या एका शब्दावर माणसे उठत, तिच्याजवळ येथे शब्दच उरत नाही. छाया कदम यांनी उभी केलेली सुमनअक्का मराठी बोलते, म्हणून दोघे तगतात. प्रत्येक परमुलखात अशी एक अक्का असतेच. आपल्या घरांच्या इतिहासातही ती असणार, तिचे नाव मात्र वंशावळीत सापडत नाही. पुढे अर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते, भांडते, निघून जाते आणि परत येते. हे रेंगाळणे नव्हे. परक्या गावी पहिली वर्षे अशीच, त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा करत जातात.

माझा आक्षेप निराळा आहे. पहिल्या हालअपेष्टांवरून चित्रपट एकदम झेप घेतो आणि आपण पाहतो ते लेकुरवाळे, स्थिरावलेले घर. मधली वर्षे गळाली. शेवटच्या आघातासाठी ही झेप आवश्यक होती, हे मान्य. माहेरच्या भेटवस्तू घेऊन भाऊ दाराशी येतो आणि अर्ची चहा टाकते, तेव्हा काळजाचा ठोका चुकतो तो तिने उभे केलेले ते घर आपण नुकतेच पाहिलेले असल्यामुळे. परंतु गळालेल्या वर्षांतच भाड्याची पावती आहे, रेशनकार्ड आहे, शाळेच्या अर्जावरील मातृभाषेचा रकाना आहे. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मुलाला घालावे की गुजराती माध्यमाच्या, या एका प्रश्नावर सुरतेतील किती घरांत नवरा-बायकोचा अबोला झाला असेल! त्यावर रक्त सांडत नाही, म्हणून तो पडद्यावर येत नाही.

आपल्या शहरातील या बिऱ्हाडांवरचा मराठी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. मुंबईची गिरणी पडद्यावर आली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकावरून महेश मांजरेकर यांनी 'लालबाग परळ' (२०१०) केला. पण उधना-लिंबायतच्या लूमवरचा मराठी कामगार कोणाला सुचला नाही. फार काय, दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि तेथेच प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल गेले. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) हा मला अतिशय आवडणारा चित्रपट, पण तो सुरू होतो १९११ च्या सुमारास, मुंबईत. गोध्रा चौकटीबाहेरच राहिले.

लूमचा खडखडाट मी पडद्यावर मनसोक्त ऐकला तो फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या अनुबोधपटात. मालेगावातील हौशी मंडळी अगदी तुटपुंज्या पैशांत आपला सुपरमॅन उभा करतात, त्याची ही हकिकत. त्यांचा नायक शफीक हा लूमवर काम करणारा, काडीसारखा तरुण. दिवसभर माग चालवायचा आणि सवड मिळाली की निळा पोशाख घालून आकाशात उडायचे. तो कर्करोगाने गेला. अनुबोधपटाची भाषा हिंदी-उर्दू आहे, पण त्या मागांचा आवाज ऐकताच आमच्या गल्लीतल्या एका खान्देशी शेजाऱ्याने, चित्र न पाहता, पाठमोऱ्यानेच विचारले, "हे कुठले खाते, उधन्याचे का?"