आठ बिटी गृहसंगणकावरील कूटलेखन : एक चिकित्सा

कमोडोर ६४ हा गृहसंगणक १९८२ मध्ये बाजारात आला. ६५१० हा त्याचा प्रक्रियक, वेग सुमारे १ मेगाहर्ट्झ आणि स्मृती ६४ किलोबाइट. अशा यंत्रावर नंतरच्या काळातील कूटलेखन-पद्धती उतरविण्याचे प्रयोग हौशी आज्ञावलीकार करीत आले आहेत. या प्रयोगांचे मूल्यमापन बहुधा वेगावरून होते. हा निकष अपुरा आहे.

केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड व्हीलर व रॉजर नीडहॅम यांनी १९९४ मध्ये मांडलेली ‘टायनी एन्क्रिप्शन अल्गोरिदम’ ही पद्धत लहान यंत्रांसाठी सहज निवडली जाते. बेरीज, बिटे सरकविणे आणि एक्सऑर एवढ्याच क्रियांवर ती उभी आहे. तथापि ती ३२ बिटांचा शब्द गृहीत धरते. ६५१० एका आज्ञेत एकच बाइट एकाच स्थानाने सरकवू शकतो. म्हणून चार बाइटांचा शब्द चार स्थाने डावीकडे नेण्यास १६ आज्ञा खर्ची पडतात. पाच स्थाने उजवीकडे नेण्यास २० लागल्या असत्या. परंतु जाणकार तो शब्द पाच बाइटांत तीन स्थाने डावीकडे सरकवितो, शेवटचा बाइट सोडून देतो आणि १५ आज्ञांत काम भागवितो. वर्गात ८०८५ शिकविलेल्या प्राध्यापकास ही काटकसर अपरिचित वाटणार नाही.

याउलट, योआन डेमन व विन्सेंट रायमेन या बेल्जियन संशोधकांची आणि २००१ मध्ये अमेरिकेने मानक म्हणून स्वीकारलेली एईएस ही पद्धत बाइट हेच एकक मानते. तिची २५६ बाइटांची प्रतिस्थापन-सारणी ६५१० च्या स्मृतीतील एका ‘पाना’त नेमकी मावते. शिवाय या यंत्रात कॅश स्मृती नाही. डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्ये सारणी-वाचनाच्या वेळेतील फरकांवरून एईएसची किल्ली शोधून दाखविली. सारणी पानाच्या आरंभापासून ठेवल्यास ६५१० वर तो फरकच उरत नाही. जुन्या यंत्राचे हे सामर्थ्य वेगाच्या चर्चेत क्वचितच नोंदविले जाते.

खरी उणीव किल्लीच्या निर्मितीत आहे. कमोडोरच्या बेसिकमधील आरएनडी हे फल धन संख्येसह वापरल्यास यंत्र सुरू केल्यानंतर दर वेळी तीच संख्यामालिका मिळते. म्हणून अनेकजण एसआयडी या ध्वनिचिपच्या तिसऱ्या स्वराचा गोंगाट वाचून यादृच्छिक बाइट मिळवितात. तो कानाला अनियमित भासतो, पण २३ बिटांच्या सरकत्या रजिस्टरमधून उपजतो. त्याच्या अवस्था केवळ ८३,८८,६०७. ठरावीक अंतराने वाचलेल्या अशा १६ बाइटांची किल्ली नावापुरती १२८ बिटांची राहते. आजचा साधा संगणक या सर्व किल्ल्या काही सेकंदांत तपासू शकतो. मग एईएसच्या आज्ञावलीत चार चक्रे वाचली काय आणि न वाचली काय!

यावर उपाय आहे, मात्र तो संथ आहे. वापरकर्त्याच्या कळा दाबण्यातील कालांतरे सीआयए चिपच्या कालमापकाने मोजावयाची, प्रत्येक मापनातील केवळ खालची काही बिटे घ्यावयाची आणि पुरेशी बिटे साठेपर्यंत त्याला टंकन करावयास लावावयाचे. या प्रतीक्षेची नोंद वेगाच्या कोष्टकात नसते.