चित्रगुप्ताच्या वहीतली खाडाखोड

हजेरीपटात भलत्याच मुलाच्या नावापुढे फुली पडली, तर मास्तराला ती खोडता येते. पण खाडाखोड दिसायची ती दिसतेच. ‘हिअर कम्स मिस्टर जॉर्डन’ (१९४१) आणि त्यावरूनच काढलेला ‘हेवन कॅन वेट’ (१९७८) हे दोन अमेरिकन चित्रपट पाहताना मला ही खाडाखोड आठवली.

गोष्ट एकच. एक नवखा यमदूत घाई करतो आणि ज्यो पेंडलटनचा प्राण वेळेआधीच काढतो. वहीत तर त्याची पुष्कळ वर्षे शिल्लक! तोवर देहाची राख झालेली. मग वरचे अधिकारी मि. जॉर्डन त्याला एका खून झालेल्या धनिकाच्या देहात बसवतात. शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची कथा ऐकलेल्या आपल्या घरांत याचे नवल वाटू नये.

जुन्यातला ज्यो मुष्टियोद्धा, नव्यातला फुटबॉलपटू. क्लॉड रेन्सचा जॉर्डन असा मंद हसतो, की सारा हिशेब त्याला तोंडपाठ आहे अशी खात्री पटते. जेम्स मेसन भारदस्त खरा, पण ते हसू त्याच्यापाशी नाही. उलट, नव्यात वॉरन बेटीचा ज्यो संचालकांच्या सभेत खेळाडूच्या भाषेत धंद्याची नीती सांगतो, ती गंमत झकास साधली आहे.

तरी माझ्या मते दोन्ही चित्रपटांचा जीव आहे ज्योचा उस्ताद मॅक्स कॉर्कल. परक्या देहातल्या ज्योला तो ओळखतो, ते त्याच्या बेसूर सॅक्सोफोनवरून! अखेरीस ज्योला कायमचा देह मिळतो, पण मागची आठवण पुसली जाते. कॉर्कल ‘ज्यो’ म्हणून हाक मारतो आणि समोरचा नुसता बघत राहतो. १९४१ चा जेम्स ग्लीसन आणि १९७८ चा जॅक वॉर्डन, दोघांनाही या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. ग्लीसनची धांदल पोट धरून हसवते. पण वॉर्डनचा पडलेला चेहरा मनातून जात नाही.

गेल्या वर्षी बाजारात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. मी नावाने हाक मारली. त्याला मी आठवलो नाही. विसरणारा सुखात असतो, सल राहतो तो आठवणाऱ्याला. जुने तेच सोने म्हणणाऱ्यांत मीही आहे. पण एवढ्या एका गोष्टीत नव्याने जुन्यावर मात केली, हे मला कबूल करावे लागते.

सुटीत घरातल्या सर्वांनी दोन्ही ओळीने पाहावेत. हसून झाल्यावर कॉर्कलकडे मात्र एकदा नीट बघावे.