'मानधन' या शब्दाची छाननी

विधिमंडळाची लोकलेखा समिती मंजूर रकमेच्या खर्चाची छाननी करते. पंचायत राज समिती जिल्हा परिषदांचे लेखे तपासते. परंतु ज्या शब्दांनी हा खर्च वर्णिला जातो, त्यांची छाननी क्वचितच होते. 'मानधन' हा असाच एक शब्द होय.

संस्कृतात 'मानधन' हा बहुव्रीही समास आहे : मान हेच ज्याचे धन, असा मनुष्य. मराठीत मात्र 'मानार्थ दिलेले धन' हा अर्थ रूढ झाला. पाहुण्या व्याख्यात्याच्या बिदागीस तो शोभतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील अंगणवाडीसेविकेस तो लावला असता त्याचे स्वरूप पालटते. बालकांना आहार देणे, त्यांची वजने नोंदविणे, शाळापूर्व शिक्षण देणे ही १९७५ साली सुरू झालेल्या बालविकास योजनेतील नित्याची कामे आहेत. त्यांच्या मोबदल्यास वेतन न म्हटल्याने वेतनश्रेणीचा प्रश्नच उद्भवत नाही.

मार्च २०१८ मध्ये राज्यशासनाने सेविकांना अत्यावश्यक सेवा कायदा लागू केला. सेवा अत्यावश्यक, मोबदला मात्र मानार्थ! विधिमंडळातील विरोधानंतर आदेश स्थगित झाला. शब्द तसाच राहिला. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणात, ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते तरी, हे मानधन वेतनच होय, असा निर्णय दिला. जो अर्थनिर्णय न्यायालयास करावा लागला, तो लोकप्रतिनिधींनी आधीच करावयास हवा होता. नाही तर मूळ संस्कृत अर्थच खरा ठरावयाचा : मान हेच सेविकेचे धन.