सहीपुरता कागद

माझ्या संग्रहात बसच्या तिकिटाएवढे एक चिठोरे आहे. वीसेक वर्षांपूर्वी जुनी पुस्तके विकणाऱ्या एकाकडून मी ते घेतले. त्यावर एका नावाजलेल्या शिक्षणसंस्थाचालकाची इंग्रजी सही आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ती सही त्यांचीच आहे असे मी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. शाई तपकिरी पडली आहे, टाकाचा दाब जिथे वाढला तिथे रेघ जाड झाली आहे, आणि कागद पत्राच्या तळापासून कात्रीने सरळ कापून काढलेला आहे. कितीतरी वर्षे ते चिठोरे सही वर येईल अशा बेताने पारदर्शक पाकिटात होते. मागच्या बाजूला मराठी अक्षर आहे हे मला ठाऊक होते; वाचायची गरज वाटली नव्हती. परवा पाकीट बदलताना वाचले. आधीच्या पानावरच्या अडीच ओळी, दोन्हीकडून तुटलेल्या. सलग लागतात ते शब्द एवढेच: ‘मुलीस परत शाळेंत पाठविण्यास’.

हरकत नाही, की हरकत आहे? कोणाची मुलगी, आणि ती शाळेतून का काढली होती? हे सगळे कात्रीच्या पलीकडे राहिले. ज्याने कापले त्याला सही हवी होती. ज्याने विकत घेतले, म्हणजे मी, त्यालाही सहीच हवी होती.

सह्या जमवण्याचा हा कापाकापीचा प्रकार काही आपला शोध नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी सह्यांच्या वह्या असत आणि त्यांत चिकटवण्यासाठी चांगली पत्रे सर्रास कापली जात. आज जाणते संग्राहक अशा तुकड्याला कमी भाव देतात, अखंड पत्राला जास्त देतात. तरी भावाची पहिली पायरी नावाचीच राहते. नाव कोणाचे, सही किती दुर्मिळ, कागद किती धड, आणि मग पत्रात काय लिहिले आहे. सेनापती किंवा नट यांच्या बाबतीत हा क्रम एकवेळ चालेल. शिक्षकांच्या बाबतीत तो उलटा आहे, असे मला आता वाटते. शिक्षकाची सही बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यातल्या घटनेखाली असते. शाळा सोडल्याचा दाखला, फीमाफीचा अर्ज, देणगीची पावती, वसतिगृहातल्या मुलाच्या बापाला लिहिलेले पत्र. या कागदावर सही करणारा साक्षीदार असतो. गोष्ट दुसऱ्याची असते.

आपल्याकडची कागद जमवण्याची परंपरा खरे तर सहीची नव्हतीच. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचे दप्तर वाचले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. हे दोघे गावोगावच्या रुमालांत शोधत होते तो मजकूर. जुन्या मोडी पत्रात आजच्या अर्थाने सही नसतेच. अक्षर कारकुनाचे, शेवट ‘हे विनंती’ने, आणि राजपत्र असेल तर मोर्तब. अक्षरओळख नसलेला कुणबी कागदावर नांगराची निशाणी करी, बाईच्या नावापुढे बांगडी येई. मग इंग्रजी अंमलातल्या कचेऱ्या आल्या, छापील नमुने आले आणि ‘येथे सही करावी’ अशी जागा आली. त्याच काळात शाळाही आल्या. बांगडीच्या जागी स्वतःचे नाव लिहिणारी पहिली बाई ज्या शाळेत शिकली, त्या शाळेच्या चालकाची सही आज आपण चौकटीत लावतो. त्या बाईची सही कोणीच जमवली नाही.

सही निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. एखादा माणूस स्वतःचे नाव कसे लिहीत होता, एवढे ती नक्की सांगते. जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा, ज्योतिबा असे पाट्यांवरून आणि पाठ्यपुस्तकांतून जे चालते, त्या वादात त्यांच्या हातचे अक्षर हा मोठा पुरावा ठरतो. पण तिथेही जाणकारीच्या गर्वाला ठेच लागते. खऱ्या-खोट्याची परीक्षा करताना आपण एक सही दुसऱ्या सहीशेजारी ठेवतो. रेघ अडखळते का, हात थांबला का, दोन सह्या तंतोतंत जुळतात का ते पाहतो. अगदी तंतोतंत जुळल्या तर त्यातली एक बहुधा गिरवलेली असते. आता फुल्यांचेच पाहा. १८८८ मध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी पुढे डाव्या हाताने लिहून पुरे केले. त्या काळातला एखादा कागद उद्या बाजारात आला, तर सवयीचा जाणकार तो पहिल्याच नजरेत बाद करील. पाहणाऱ्याला सही माहीत आहे, माणसाचे काय झाले ते माहीत नाही, म्हणून.

सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आपण वाचतो ती १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मया’तून ती मराठी वाचकांच्या घरात पोचली, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती छापील अक्षरातच पाहिली आहेत. माझ्यासारख्या संग्राहकाला अशा वेळी पहिला प्रश्न सुचतो तो मूळ कागदाचा. प्रश्न रास्त आहे, पण पहिला नव्हे. १८६८ च्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महाराची मुलगी आहे. गाव दोघांना मारायला उठले आहे आणि सावित्रीबाई मध्ये पडतात. १८७७ चे पत्र ओतूरहून आहे, दुष्काळातले. शाळा काढणारी बाई इथे अन्नछत्र, सावकार आणि कलेक्टर यांच्याविषयी नवऱ्याला कळवते आहे. या पत्रांचा लिलाव झाला तर यादीत लेखिकेचे नाव ठळक टाइपात येईल. सारजेचे नाव येईल की नाही, याची मला शंका आहे.

उलट्या टोकाचे उदाहरण महाराष्ट्राच्या प्रत्येक शाळेत भिंतीवर आहे. अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून जे पत्र आपण वसंत बापटांच्या मराठीत पाठ केले, ते लिंकनचे नाही. रॉय बासलर यांनी १९५३ मध्ये संपादित केलेल्या लिंकनच्या समग्र लेखनात त्याचा पत्ता नाही. शाळेचे सगळे दिवस मिळून वर्षही भरत नाही असे स्वतःबद्दल सांगणाऱ्या माणसाच्या नावावर हेडमास्तरांसाठी एवढा गोड उपदेश चिकटला, यात गंमत आहे. बापटांच्या मराठीचे मोल त्याने कमी होत नाही. पण मजकुराला वजन यावे म्हणून खाली एक मोठे नाव हवे असते, ही भूक आपली आहे. माझ्या चिठोऱ्यात नाव उरले आणि मजकूर गेला. भिंतीवरच्या चौकटीत मजकूर आहे आणि सही बाहेरून आणलेली आहे. दोन्हीकडे पत्र नाही.

ही कात्री फक्त व्यापाऱ्यांच्या हातात असते असेही नाही. संपादकांकडेही असते. आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र आपल्याला त्यातल्या एका निश्चयापुरते ठाऊक असते. ते चरित्रातून चरित्रात तेवढेच उतरत आले. टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेला राजीनामा लांबलचक आहे. आजीव सदस्यांनी बाहेरची मिळकत करावी की नाही, संस्थेला किती वेळ द्यावा, वेतन कसे ठरवावे, अशा बारीकसारीक हिशेबांतून तो पुढे सरकतो. शिक्षणसंस्था कशी मोडते ते कळायला याहून चांगला कागद मराठी मुलखात शोधावा लागेल. चरित्रात मात्र त्याचे एक वाक्य होते: मतभेदामुळे टिळक बाहेर पडले. आणि पत्रसंग्रह छापताना ‘किरकोळ’ म्हणून जे वगळले जाते, त्यात कोण असते? फी थकलेला विद्यार्थी, पुस्तके पोचल्याची पोच, रजेचा अर्ज. पैवस्तीची तारीख गळते, पाकिटावरचा पत्ता गळतो, समासातले दुसऱ्याच्या हातचे दोन शब्द गळतात.

अण्णासाहेब कर्वे यांच्या बाबतीत हे फार जाणवते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या या माणसाने १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, आणि दोन्हींसाठी वर्षानुवर्षे दारोदार वर्गणी मागितली. १९५८ मध्ये ते हयात असताना टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. तिकीट जमवणारे पुष्कळ आहेत. रुपया-दोन रुपयांच्या पावत्या कोणी जमवल्या? पावतीवर देणाऱ्याचे नाव असते, गाव असते. विधवेच्या शिक्षणाला कोणत्या गावातून कोणी रुपया दिला हे तिथे कळते. अशा पावत्या माळ्यावरच्या ट्रंकेतून निघतात आणि रद्दीत जातात, कारण त्यावर सही कारकुनाची असते.

इथे व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. आपल्या पुरावस्तू कायद्याने, १९७२ च्या, ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आणि पत्र तुमच्या हातात आले म्हणून ते छापण्याचा हक्क तुमचा होत नाही. तो लिहिणाऱ्याचा, नंतर वारसांचा; हयातीत छापलेल्या मजकुरावर मृत्यूनंतरची ६० वर्षे संपेपर्यंत, आणि हयातीत न छापलेल्यावर पहिल्यांदा छापल्यानंतरची ६० वर्षे संपेपर्यंत. कर्वे १९६२ च्या नोव्हेंबरात गेले, म्हणजे त्यांचा हयातीत छापलेला मजकूर २०२३ च्या आरंभी खुला झाला. ज्यांच्या घरी त्यांची न छापलेली पत्रे आहेत त्यांनी ती वारसांच्या संमतीने अखंड छापावीत, पाकिटासकट, पावतीसकट.

माझे चिठोरे मी आता उलटे ठेवले आहे. पाहायला येणाऱ्यांना वाटते, चुकून पालथे पडले आहे. ते पाकीट फिरवतात, सही ओळखतात आणि खूश होतात. मी ते पुन्हा उलटे करतो. उरलेले पत्र कुठे असेल तर ते तळाशी कापलेले असणार, आणि त्यावर सही नसणार. म्हणजे कोणी ते ठेवले असण्याची शक्यता फारच थोडी.