संख्यानामे आणि बालकांची गणनबुद्धी

नारायण पेठेतील गायकवाड वाड्यातून ‘केसरी’ने महाराष्ट्राचे लोकमत घडविले. त्या वाड्याचे धनी लोकमान्य टिळक हे मूळचे गणिताचे अध्यापक होते. गणित व लोकमत यांचा संबंध पुण्याला असा जुना आहे. तथापि इयत्ता दुसरीच्या मुलाने २७ हा अंक कसा वाचावा, एवढ्या प्रश्नावरून वृत्तपत्रे व विधिमंडळ यांत वाद माजावा, हा प्रसंग २०१९ साली आला.

त्या वर्षी बालभारतीच्या नव्या पाठ्यपुस्तकात ‘सत्तावीस’ या रूढ नावाबरोबर ‘वीस सात’ हे वाचनही देण्यात आले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांची भूमिका अशी की, जोडाक्षरयुक्त नावे बालकांस कठीण जातात, आणि दक्षिणेकडील भाषांत दशक आधी व एकक नंतर उच्चारण्याचीच रीत आहे. प्रतिपक्षाने भाषेच्या मोडतोडीचा आक्षेप घेतला. या वादाचे मूल्यमापन करताना भावनेपेक्षा बालकाच्या गणनव्यापाराकडे पाहणे इष्ट होय.

मराठी संख्यानामांची अडचण खरी आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन आधी मांडावा लागतो; बालक ७२ लिहिते ते याच कारणाने. शिवाय दोनाचे रूप बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याण्णव असे पालटत जाते. पन्नासाचे ‘वन्न’ व सत्तराचे ‘हत्तर’ होते. शतकानुशतकांच्या ध्वनिपरिवर्तनाने घडलेल्या या शब्दांची फोड बालकास साधत नाही. त्यास नव्व्याण्णव नावे जवळजवळ सुटी सुटीच पाठ करावी लागतात. ‘वीस सात’ या वाचनात स्थानमूल्य उघडे होते. २७ व ३५ यांची बेरीज करताना वीस व तीस मिळून पन्नास, सात व पाच मिळून बारा, एकूण बासष्ट, हा विचार नावातूनच सुचतो. येथवर समितीचा पक्ष सबळ आहे.

परंतु नाव पारदर्शक झाले म्हणजे विचार आपोआप घडतो, असे नव्हे. रूढ नावांतही एक तर्क दडलेला आहे, त्याकडे उभय पक्षांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. एकोणतीस म्हणजे एकाने ऊन असे तीस. २९ व ३६ यांची बेरीज करणाऱ्यास हे नावच मार्ग दाखविते: तीस व छत्तीस सहासष्ट, त्यातून एक वजा, पासष्ट. ‘वीस नऊ’ म्हणणाऱ्यास हातचा घ्यावा लागतो. ‘एकोणतीस’चा अर्थ उमगलेल्यास तो लागत नाही. मग एकोणनव्वदानंतर दहांनी येणारे नव्याण्णव मात्र या रीतीस का सोडून जाते, हा प्रश्नही वर्गात विचारण्याजोगा आहे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी या जुन्या उजळणीतील पाढ्यांविषयीही असेच म्हणता येईल. सवायकीत मूळ संख्या व तिचा चतुर्थांश यांची बेरीज आहे; बारा सवाय पंधरा का, हे बारा व तीन यांवरून समजते. जुन्या पद्धतीचा दोष पाठांतरात नव्हता, तर कारण न विचारण्यात होता.

हाच दोष नव्या वाचनासही जडू शकतो. ‘वीस सात’ ही नुसती घोकंपट्टी झाली, तर एका पाठांतराची जागा दुसरे पाठांतर घेईल, आणि घरी व बाजारात ‘सत्तावीस’च ऐकणाऱ्या बालकावर दुहेरी भार पडेल. हातचा पुढच्या घरात नेण्याचे काम गणकयंत्रही बिनचूक करते. दहा एककांचा एक दशक होतो म्हणून तो न्यावयाचा, हे सांगणे मात्र बालकाचे काम आहे. तेव्हा दोन नावांपैकी एकाची निवड करण्याऐवजी दोन्ही समोर ठेवून ‘ही एकच संख्या कशी?’ असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. पाठ्यपुस्तकाने दोन्ही रूपे देऊन त्यास अवसर निर्माण केला. तो साधणे न साधणे शिक्षकाच्या प्रश्नावर अवलंबून राहते.