व्यवसायनिवडीचे सिद्धांत आणि नंदुरबारचा विद्यार्थी : एक चिकित्सा

प्रास्ताविक

व्यवसाय मार्गदर्शन हा विषय आता महाविद्यालयांना नवा राहिलेला नाही. नॅकच्या मूल्यांकनात ‘विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती’ या पाचव्या निकषाखाली स्पर्धा परीक्षा व व्यवसायविषयक समुपदेशनाचा लाभ घेतलेल्या विद्यार्थ्यांची संख्या नोंदवावी लागते. त्यामुळे व्याख्याने होतात, उपस्थितीपत्रके भरली जातात. परंतु हे मार्गदर्शन कोणत्या सिद्धांतावर उभे आहे आणि तो सिद्धांत आपल्या विद्यार्थ्याला कितपत लागू पडतो, याची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या सिद्धांतांची चिकित्सा नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि ८० टक्क्यांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात.

जुळणीचा सिद्धांत आणि त्याची गृहीतके

फ्रँक पार्सन्स यांचा ‘चूझिंग अ व्होकेशन’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंचा विवेकाने घातलेला मेळ ही त्यांची त्रिसूत्री होय. जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून तिला व्यक्तिमत्त्व प्रकारांची जोड दिली. वास्तववादी, अन्वेषक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि रूढ अशा सहा प्रकारांत व्यक्तीही बसते आणि व्यवसायही. दोहोंची संगती जितकी अधिक, तितके समाधान अधिक, असे हे प्रतिपादन आहे.

२०१६ मध्ये राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेली कल चाचणी ही याच परंपरेतील होती. राज्यभरातील विद्यार्थ्यांचा व्यवसायनिवडीच्या दृष्टीने विचार व्हावा, हा तिचा हेतू स्वागतार्हच होता. तथापि, तिच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासले पाहिजे. कल सांगण्यासाठी विद्यार्थ्याला त्या क्षेत्राचा काही परिचय असावा लागतो. धडगाव वा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यावरच्या मुलाने पगारी माणसे पाहिलेली असतात ती बहुधा शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, पोलीस आणि एस. टी. चालक-वाहक एवढीच. अशा मुलाने ‘गणवेशधारी सेवा’ निवडली, तर तो त्याच्या स्वभावाचा कल म्हणायचा, की नियमित पगाराच्या त्याला दिसलेल्या मोजक्या वाटांपैकी एक? दोन्ही उत्तरे चाचणीत एकाच रकान्यात पडतात. शिवाय भिली, पावरी, मावची वा कोकणी बोलत वाढलेल्या मुलाला प्रमाण मराठीतील प्रश्न जितका कळला, तितकेच त्याचे उत्तर विश्वसनीय मानता येते.

दुसरे गृहीतक एका व्यक्तीच्या एका व्यवसायाचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) मध्ये दिसणारी बलुतेदारी जन्माने व्यवसाय ठरवत होती. तिच्यावर उतारा म्हणून व्यक्तिगत निवडीची कल्पना निश्चितच मुक्तिदायी ठरली. सातपुड्यातील आदिवासी कुटुंबाचे जीवन मात्र या व्यवस्थेच्या चौकटीत पूर्णपणे बसणारे नव्हते. शेती, मोहफुले वेचणे, मासेमारी, घरबांधणी, आमचूर तयार करणे ही कामे एकाच घरात ऋतुमानाप्रमाणे चालत. या कौशल्यसमूहाला सहा प्रकारांपैकी कोणते नाव द्यावे, याचे उत्तर हॉलंड यांच्या मांडणीत सहजी सापडत नाही.

विकासाचे टप्पे आणि स्थलांतराचे वेळापत्रक

डोनाल्ड सुपर यांनी १९५३ मध्ये व्यवसायनिवड ही एका क्षणी घडणारी घटना नसून आयुष्यभर चालणारी विकासप्रक्रिया आहे, असे मांडले. पंधरा ते चोवीस हा त्यांच्या मते शोधाचा काळ. या काळात तरुणाने निरनिराळ्या भूमिका करून पाहाव्यात, अशी अपेक्षा असते. परंतु दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत वा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबातील मुलगा या वयात श्रमिक झालेलाच असतो. त्याच्या शोधाला कुटुंबाच्या उचलीची मुदत बांधलेली असते. त्याची गैरहजेरी ‘अपरिपक्वता’ म्हणून वाचणे हा निदानाचा दोष होय.

लिंडा गॉटफ्रेडसन यांचा १९८१ चा सिद्धांत येथे अधिक उपयोगी पडतो. बालक आधी लिंगभावाच्या आणि मग सामाजिक प्रतिष्ठेच्या निकषावर व्यवसाय वगळत जाते, आणि स्वतःच्या आवडीचा विचार त्यानंतर करते, असे त्या म्हणतात. तथापि, वगळण्यासाठी आधी यादी लांब असावी लागते. आपल्याकडे यादीच तोकडी असते. मुलींच्या बाबतीत ती आणखी आखूड होते.

अडथळा मनातला आणि कागदावरचा

लेंट, ब्राउन आणि हॅकेट यांनी १९९४ मध्ये स्व-कार्यक्षमतेच्या जाणिवेबरोबर परिस्थितीतील आधार आणि अडथळे यांनाही सिद्धांतात स्थान दिले. डेव्हिड ब्लुस्टाइन यांनी २००६ मध्ये त्यापुढे जाऊन असे दाखवले की, जगातील बहुसंख्य माणसे व्यवसाय ‘निवडत’ नाहीत. ती उपजीविकेसाठी काम करतात. या दोन्ही मांडण्या आपल्याला जवळच्या वाटतात. प्रत्यक्षात मात्र आपले समुपदेशन अडथळ्याचे रूपांतर न्यूनगंडात करते आणि ‘आत्मविश्वास वाढवा’ असा उपदेश करून थांबते. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्याने व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश धोक्यात आलेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न आत्मविश्वासाचा नसतो. वसतिगृहातील जागा, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची अंतिम तारीख या बाबी समुपदेशनाच्या कक्षेबाहेरच्या मानल्या, तर सिद्धांत कितीही सुसंगत असला तरी तो निष्फळ ठरतो.

येथे दुसऱ्या टोकाचा धोकाही नोंदवला पाहिजे. स्थानिक संस्कृतीचा आदर म्हणून आदिवासी विद्यार्थ्याला वनोपज आणि शेतीपूरक उद्योगांचीच वाट दाखवणे, हे जन्माधिष्ठित व्यवसायाचे नवे रूप होईल. मोहफुलांचे ज्ञान असलेल्या मुलीला वनस्पतिशास्त्राची संशोधक होण्याचा जितका अधिकार आहे, तितकाच लेखापाल होण्याचाही आहे.

समारोप

वरील विवेचनावरून चाचण्या टाकून द्याव्यात, असा निष्कर्ष निघत नाही. त्यांचा क्रम बदलला पाहिजे, एवढेच निघते. प्रथम परिचय, नंतर मार्गातील व्यवहार्य अडचणींचे निवारण आणि त्यानंतर कलमापन, असा हा क्रम असावा. प्रथम वर्षातच विद्यार्थ्यांना न्यायालय, प्रयोगशाळा, बँक, कृषी विज्ञान केंद्र, छापखाना येथील कामे जवळून दाखवावीत. स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या भेटी दिवाळीपूर्वी ठेवाव्यात. मार्गदर्शन कक्षाच्या नोंदवहीत उपस्थितांच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना असावा : किती विद्यार्थ्यांना पूर्वी माहीत नसलेला एखादा व्यवसाय समजला आणि त्यांपैकी किती जणांचा अर्ज प्रत्यक्ष दाखल झाला. मूल्यांकन समिती हा रकाना मागणार नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र कक्षाच्या कामाचे खरे माप तोच देईल.