ठोका यंत्राचा, दम हाताचा

दुर्गाविसर्जनाच्या रात्री भंडाऱ्यात धुमालची गाडी जवळून जाते, तेव्हा कानांच्या आधी छातीला ती कळते. ध्वनिवर्धकांची भिंत, की-बोर्ड, ऑक्टापॅड आणि घामाने निथळणारे ड्रमवाले. नागपूर, भंडारा, गोंदियापासून छत्तीसगडपर्यंत या वादनाचा पट्टा पसरला आहे. आपल्या समीक्षेने त्याला ‘गोंगाट’ या एका शब्दात निकालात काढले. मी मात्र त्याच्याकडे सायकेडेलिक ट्रान्स आणि हेवी मेटल यांच्या मिश्रणाच्या वाटेने आलो. त्या मिश्रणात अडलेला एक प्रश्न मला धुमालमध्ये सुटताना दिसतो.

आधी दोन्ही संगीतांची घडण पाहू. ‘ब्लॅक सबाथ’चा पहिला अल्बम 1970चा. त्यांचा डावखुरा गिटारवादक टोनी आयोमी याने बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली होती. बोटांवर ताण येऊ नये म्हणून त्याने तारा सैल केल्या, पुढे स्वरही खाली उतरवले. मेटलच्या प्रसिद्ध जडपणामागे असे एक दुखावलेले शरीर आहे.

ट्रान्सचे उलट. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर रात्रभर चालणाऱ्या नाचातून तो घडला. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला आणि 2023मध्ये निवर्तलेला गोवा गिल हे त्यातले ठळक नाव. या संगीताचे गणित सोपे आहे. मिनिटाला 145 ठोके धरले आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, तर पहिला भाग ड्रमचा, उरलेले तीन खर्जाचे. म्हणजे मिनिटाला 580 आघात. रात्रभर हे करताना हात थकेल, यंत्र थकत नाही. न थकणे हीच ट्रान्सची नशा.

अडचण इथेच आहे. एक संगीत कष्टाचे, दुसरे अथकपणाचे. त्यांना एकत्र आणायचे कसे? इस्रायलमधल्या हैफाच्या ‘इन्फेक्टेड मशरूम’ या जोडीने ते धाडस केले. त्यांच्या 2009च्या अल्बममधील ‘स्मॅशिंग द ओपोनंट’मध्ये ‘कॉर्न’ या मेटल बँडचा जोनाथन डेव्हिस गातो. रचना दणदणीत आहे, पण माझ्या मते ती दोन्हीकडून थोडी उणी पडते. कडवे-ध्रुपदाच्या चौकटीत शिरल्यामुळे ट्रान्सचा लांब ताण तुटतो. आणि ध्वनिमुद्रण इतके घोटून गुळगुळीत केले आहे की त्यात माणसाची धाप उरत नाही. मेटलचा आवाज मिळाला, मोल मिळाले नाही. हीच जोडी रंगमंचावर गिटारवादक आणि ड्रमवादक घेऊन वाजवते, तेव्हा ते मोल पुष्कळसे परत येते.

धुमालमध्ये ऑक्टापॅडच्या पोटात यंत्राचाच नाद भरलेला असतो, पण तो बाहेर काढायला काठी हातात घ्यावी लागते. एका मिरवणुकीत की-बोर्डवाला तेच चार स्वर बराच वेळ घोळवत होता. ड्रमवाल्याचा हात जड होऊ लागला, लय किंचित मागे रेलली. नाचणाऱ्यांचे पायही तिच्याबरोबर रेलले. तेवढ्यात शेजारच्या पोराने त्याच्या हातातली एक काठी घेतली, मग दुसरी. ठोका तुटला नाही. अथकपणा इथेही होता, पण तो माणसांनी वाटून घेतलेला होता. मला हवे असलेले मिश्रण ते हेच.

आता कित्येक मंडळे नुसती डीजेची गाडी आणतात. तिच्यात हलगी, ड्रम, ट्रान्स सगळे तयार भरलेले असते; वाजवणाऱ्यांची बिदागी वाचते. आवाजाच्या त्रासाचा बचाव मी करणार नाही. रात्री दहानंतरचा ध्वनिवर्धकबंदीचा नियम दोघांनाही लागू हवा. मात्र आवाज कमी करायला सांगताना धुमाल आणि डीजे यांना एकाच तराजूत तोलू नये. आवाज उतरवला तरी धुमालमध्ये वादक उरतो. डीजेच्या गाडीवर नुसते खटके उरतात.